माइकवाल्या नवऱ्याला मासे धरायला नेताना

माझा नवरा बैलगाडा शर्यतीत माइक धरतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रा सुरू झाल्या की गावोगावच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीवर, गाडे पळतात. तेव्हा मांडवात बसून गाडा कुणाचा, बैल कुठले, किती सेकंदांत आले, हे सगळं गर्जून सांगणारा जो माणूस असतो, तो एरवी माझ्या घरात राहतो. यात्रांच्या दिवसांत तो लोकांचा असतो, त्यामुळे काही वाटत नाही. अडचण उरलेल्या महिन्यांची. तेव्हा त्याला दूध उतू चाललेलं दिसलं तरी पुरतं. "आलंऽऽ आलं, दूध वर आलं! मंडळी, कडेला टेकलं! गॅस बंद करायला कुणी हाय का न्हाई?" आणि स्वतः गॅसपासून हातभर अंतरावर उभा.

अशा माणसाच्या बायकोला शौक कसला असावा? मला गळ टाकून मासे धरायचा आहे. म्हणजे तासन् तास गप्प बसायचा.

माझं माहेर डिंभे धरणाच्या पाण्याकाठी. परकर सावरता येत नव्हता त्या वयापासून माझ्या हातात बांबूची काठी आहे. लग्न ठरताना घरच्यांनी ओझरजवळचं हे स्थळ बघितलं, तेव्हा बाकीच्यांनी जमीन, विहीर, मुलगा बघितला. मी येडगाव धरणाचं पाणी बघितलं. शेताच्या टोकालाच होतं. मी लगेच हो म्हणाले. मुलाचा आवाज तेवढा ऐकायचा राहून गेला.

आठवडाभर मी सगळ्यांची असते: कांद्याची, टोमॅटोची, दोन गाईंची, सासूबाईंची. रविवारची दुपार तेवढी माझी. ती मी कधी कुणाला दिली नाही. पाहुणे आले तर त्यांनाही जेवण वाढून पाण्यावर गेले आहे. पण मागच्या हिवाळ्यात बिबट्यानं पाण्याच्या वाटेवरूनच शेजाऱ्यांचं कुत्रं उचललं. आमच्याकडे उसात बिबट्या असणं नवीन नाही, पण सासूबाईंनी दारात उभं राहून निकाल दिला, "एकटीनं पाण्यावर जायचं न्हाई. बरूबर माणूस पायजे." गावात वनखात्याची माणसं आली होती, त्यांनीही हेच सांगितलं. दोघं मिळून जा, मोठ्यानं बोलत जा, मोबाइलवर गाणी लावा.

आता बघा माझी कोंडी. बिबट्याला आवाज पाहिजे, माशाला शांतता. आणि बरोबर न्यायला माणूस मिळाला तो हा.

"मी काय करू तिथं?" नवरा म्हणाला.

"काही नाही. नुसतं बसायचं."

"नुसतं?" असा शब्द त्याला आयुष्यात पहिल्यांदाच भेटल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

पहिल्या रविवारी त्याच्यासाठी घडीची खुर्ची नेली. तिच्यात तो चहा निवेल एवढा वेळसुद्धा टिकला नाही. उठला आणि काठावर येरझारा घालत सुरू झाला, "बूच हाललं! न्हाई, वारा हाय. हाललं! न्हाई, वाराच हाय." आमचं बूच म्हणजे दोऱ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा. मासा चावला की तो बुडतो. पण मासा आजूबाजूला पाहिजे ना! त्या आवाजाला सगळे मासे थेट ओझरच्या गणपतीच्या पायऱ्यांपर्यंत पळाले असणार, अशी माझी खात्री झाली.

दुसऱ्या खेपेला डोकं लढवलं. तोंड भरलेलं असलं की माणूस बोलत नाही, म्हणून शेंगा, भडंग, काकडी, ताकाची बाटली, असा सगळा संसार बांधून नेला. तेव्हा कळलं की हा भडंग खातानाही बोलू शकतो, फक्त समोरच्याच्या अंगावर थोडे कुरमुरे येतात. वर मी माशांसाठी गूळ घालून मळलेली कणीक डब्यात ठेवली होती, तीही सगळी खाल्ली.

"लाडू जरा कच्चा राहिला गं तुझा," तो म्हणाला.

"तो माशांचा होता!"

"मग मासं लई भाग्यवान हायेत."

पुढच्या वेळी कानात घालायची बोंडं दिली आणि मोबाइलवर शर्यतींचे व्हिडिओ लावून दिले. ही युक्ती करून मी मनातल्या मनात स्वतःचा सत्कारही करून घेतला. पण कान बंद झाल्यामुळे आपण किती ओरडतो ते त्याला ऐकू येईना. "धर! धर घोडी! आरं सुटला की राव!" गाड्यापुढं पळणारी घोडी समोरच असल्यासारखा तो उभा राहून नाचायला लागला. पाणी तिथं अरुंद आहे आणि समोरच्या काठावर दोन गडी नेहमी गळ टाकून बसलेले असतात. त्यांतला थोराड मिशीवाला हात जोडून ओरडला, "वैनी, भाऊंना काय चावलंय का? आमाला तरी काय चावू द्या!"

मी शरमेनं पदर तोंडावर घेतला. त्या दिवशी मला मासा नाही, समोरच्यांना मासा नाही. बिबट्यापायी शेताच्या टोकापर्यंतही आता आम्ही पिकअपनंच जात होतो; घरी येताना नवऱ्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही. हे लक्षण वाईट. मग म्हणाला, "हे बघ, माझ्याच्यानं व्हत न्हाई. तू सारखी हूं हूं करून गप करतीस. माझं तोंड दुखतंय बंद ठिऊन. अजून येक रविवार येतो, मग बास. पुढनं मी आळेफाट्याला दोस्ताच्या ग्यारेजवर. तिथं निदान कुणी ऐकतं तरी."

तो आला नाही तर सासूबाई मला उंबऱ्याबाहेर सोडणार नाहीत. म्हणजे माझी रविवारची दुपार गेली. मी आठवडाभर इतकी गोड वागले की सासूबाईंनी कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

त्या शेवटच्या रविवारी मी खुर्ची, भडंग, मोबाइल काही घेतलं नाही. बोलू नका असंही म्हणाले नाही. मासे मिळायचे नाहीतच, तर निदान भांडण तरी नको. तोही बिचारा तोंडाला कुलूप लावून काठावर फेऱ्या मारत होता. इकडून तिकडं, तिकडून इकडं, जाड तळाच्या चपला आपटत. आणि अचानक "आई गंऽऽ" करून खालीच बसला. बाभळीचा काटा चपलेतून आरपार. मी काठी दगडात रोवली, काटा काढला, आणि म्हटलं, "जावा आता, गाडीवर जाऊन बसा. पाय खाली टेकू नका."

लंगडत गेला आणि पिकअपच्या टपावर चढून बसला. तिथून त्याला सगळं दिसायला लागलं: मी, पाणी, समोरचे दोघं, मागचा ऊस. आणि उंचावर बसल्यावर, घाट खाली पसरल्यावर, माइकवाला किती वेळ गप्प राहील?

"नमस्कार मंडळी!" टपावरून आवाज आला. हातात पाण्याची रिकामी बाटली माइकसारखी धरलेली. "आजच्या या भव्य मैदानात समोरच्या काठावर मिशीवाल्यांची जोडी सकाळपासून जुंपून हाय, पण गाडा अजून हालंना! मिशीवालं, बैलं झोपली का काय?"

"बैलं न्हाई, आमीच झोपलोय!" तिकडून उत्तर आलं.

मी डोळे मिटून घेतले. आता संपलं. पुढच्या रविवारी ग्यारेज. आणि डोळे उघडले तर थर्माकोल जागेवर नाही.

आधी वाटलं, दोरा तुटला. मग काठी वाकली. अशी वाकली की मी दोन्ही हातांनी धरली तरी पाय घसरायला लागले. टपावरून गर्जना झाली, "लागलाऽऽ! मंडळी, मैदानात गडबड! डिंभ्याची लेक आणि येडगावचा पैलवान, दोघांची जुंपली! डावीकडं वढ! आरं डावीकडं, त्यो लव्हाळ्यात घुसतोय! सोड! सोड थोडी! आता घे! घे घे घे घे!" आणि खरं सांगते, मी त्याच्या सांगण्यावर चालले. मासा कुठं वळतोय ते वरून त्याला दिसत होतं, मला दिसत नव्हतं. समोरचे दोघं उभे राहून टाळ्या पिटत होते. हसता हसता माझी कंबर गेली, पण काठी सुटली नाही. शेवटी हातभर लांब मरळ काठावरच्या चिखलात आपटत आली.

"भाऊ, टायमिंग किती?" मिशीवाल्यानं विचारलं.

"घड्याळ चालू करायचं राह्यलं की राव!" नवरा असा हळहळला की मासा परत पाण्यात सोडून पुन्हा धरायला लावतो की काय, अशी भीती वाटली.

त्याच दुपारी, त्याच बडबडीत, आणखी दोन चिलापी लागले. मी मान वर करून टपावर बघितलं. तोंड अखंड चालू होतं. पाय मात्र हवेत लोंबत होते. आणि मग माझ्या वडिलांचं बोलणं आठवलं: पाण्याकाठी चालू नकोस. मला वाटायचं, मी पडेन म्हणून सांगतात. ते स्वतः गळ टाकून बसले की तमाशातल्या लावण्या म्हणत आणि मासे येत राहत. पण जागेवरून तसूभर हलत नसत. जमिनीला बसलेले हादरे पाण्यात जातात. गाणं वरच्यावर उडून जातं. मी इतके रविवार नवऱ्याचं तोंड बांधत बसले, आणि मासे पळत होते त्याच्या चपलांना भिऊन!

हे मी त्याला सांगितलं. त्यानं तोंडापुढची बाटली खाली घेतली. मग म्हणाला, "म्हंजी बोललेलं चालतंय?"

"चालतंय काय, पाहिजेच. बिबट्याला कोण सांगणार आपण आलोय म्हणून?"

"आन् तू हूं हूं करणार न्हाईस?"

"तुम्ही टपावरून उतरला नाहीत, तर नाही."

पुढच्या रविवारी जेवणाचं ताट माझ्या हातातच होतं, तोवर बाहेर पिकअपचा हॉर्न वाजायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "जा बाई, न्हाईतर त्यो एकटाच जाईल." टपावर गादी घातलेली, शर्यतीचं घड्याळ गळ्यात, आणि हातात यात्रेतला खरा माइक. बॅटरीवरचा.

आता कधीकधी समोरच्या काठावरून मिशीवाला हाक मारतो, "वैनी, भाऊंना येक दुपार आमच्याकडं पाठवा की. आमच्या गाडीचा टप लई मजबूत हाय." महिन्याभरापूर्वी मागितला असता तर वर टॉवेल-टोपी करून दिला असता. आता मी मान हलवते आणि गळाला पीठ लावते. "न्हाई ओ," टपावरूनच उत्तर जातं, माइकमधून, पार उसाच्या पलीकडं ऐकू जाईल असं, "मी हिच्या गाड्याला जुंपलेला हाय!"