एकही खाना कोरा नाही

माझं शिक्षण चौथी नापास. पण कडेगावात सायकलचं दुकान चालवलं ते शब्दावर. म्हणूनच शेजारच्या शिंप्यानं पतसंस्थेतून कर्ज काढताना मला जामीनदार केलं. चहा पिता पिता मी सही ठोकली. कागद वाचला नाही. वर्ष सरायच्या आत शिंपी मशीन विकून कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही.

पतसंस्थेच्या दारात काळा फळा होता. थकबाकीदारांची नावं पांढऱ्या ऑइलपेंटनं, खाली जामीनदारांची. माझं नाव तिसऱ्या ओळीत. सांगलीचा व्यापारी टायर उधार देईना. गिऱ्हाईक हवा भरताना माझ्याकडं न बघता चाकाकडं बघायचं.

त्याच वर्षी थंडीत बायकोच्या पोटात गाठ हाताला लागली. सरकारी डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी दिली, म्हणाले, मिरजेला न्या, कापून काढायला पाहिजे, उशीर करू नका. मी पतसंस्थेच्या म्यानेजरकडं गेलो.

"मामा, फळ्यावरच्या माणसाला कर्ज कसं देऊ?" तो म्हणाला. "शिंप्याची बाकी भागवा. वर रोजची पिग्मी लावा. वर्षभर कार्डावर एक खाना कोरा दिसला न्हाई, तर संचालकांना सांगतो."

मी पाच सायकली विकून शिंप्याची बाकी भागवली. त्या पैशात मिरज झाली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

जतहून मेव्हणा आला. मेंढरं होती त्याची. म्हणाला, "दाजी, धा मेंढरं इकतो. अक्काला उद्याच मिरजंला न्या."

"बायकोच्या भावाच्या मेंढरावर? आधीच फळ्यावर हाय मी," मी म्हणालो.

तो बहिणीकडं बघत राहिला. ती हसली. "आवं, यांच्या नावाला पांढरा रंग लागलाय, माज्या केसांनाबी लागतोय. दोन्ही संगं पुसू."

पिग्मीचा एजंट रोज सांजच्याला सायकलवरून यायचा, दहा रुपये घ्यायचा आणि त्या तारखेच्या खान्यात सही मारायचा. बोलका गडी. "मामी, मामा गिऱ्हाईक न्हाई म्हणत्यात, तुमचा डबा उघडा बघू!" पावसाळ्यात भाड्यानं सायकल कोण नेणार? मग बायको खरंच डब्यातनं दहा रुपये काढून द्यायची. कुठनं आले, मी कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर एजंटची थट्टा बंद झाली. बायको दाराची चौकट धरून यायची, नोट द्यायची, तिथंच खाली बसायची. तो कार्डाकडं बघायचा नाही, तिच्या हाताकडं बघायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, चार दिस ऱ्हाऊ दे पिग्मी. मामींना घिऊन जावा."

"दीड महिना ऱ्हायलाय," मी म्हणालो.

ती महिन्यानं गेली, सकाळच्याला. दारात माणसं बांबू बांधत होती. सांज झाली तरी मेव्हणा जतहून वाटेवरच होता. एजंट आला, गर्दी बघून सायकल वळवायला लागला. मी हाक मारली, "थांब रं. कार्ड आण."

तो म्हणाला, "मामा, आज न्हाई."

मी खिशातनं दहाची नोट काढून त्याच्या हातात कोंबली. त्यानं सही मारली. त्याचं डोळं भरलं होतं. माझं नव्हतं.

नंतर डबा उघडला तर आत डॉक्टरची चिठ्ठी. घडी तशीच. त्यातली एकही गोळी तिनं आणली नव्हती.

वर्ष भरलं. फळ्यावर माझ्या नावावर काळा रंग फिरला. म्यानेजरनं चहा मागवला. "मामा, आता तुमची पत सोन्यागत. किती पायजेत बोला."

मी कर्ज काढलं नाही. पिग्मीचे पैसे उचलले आणि कार्ड घेऊन जतला गेलो. तेव्हा नको म्हणालो त्या मेंढरांचे म्हणून द्यावेत, असं काहीतरी मनात होतं. मेव्हणा पाण्याच्या टँकरपाशी उभा होता. पैशाला त्यानं हात लावला नाही. कार्ड घेतलं. त्याला वाचता येत होतं. एकेका खान्यावरनं बोट फिरवत गेला. एक खाना आला तिथं बोट थांबलं.

"दाजी," तो म्हणाला, "ही तारीख अक्काची हाय न्हवं?"

मी व्हय म्हणालो.