भागीरथाबाईंची झोपेची परीक्षा

बडनेरा रोडवरच्या ज्येष्ठांच्या संकुलात भागीरथाबाई राहायला आल्या त्या ऐन एप्रिलात. चांदूर रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. सगळी नोकरी रात्रपाळ्यांत गेलेली. आता त्यांना एकच हौस उरली होती, दुपारी झोपायची.

संकुलात मंडळं पुष्कळ. भजनाचं, कॅरमचं, कुरडया-पापडांचं. पण सगळ्यांचा डोळा वामकुक्षी मंडळावर, कारण खालच्या हॉलमधला मोठा कूलर दुपारी त्यांच्या ताब्यात असे. अध्यक्ष होते उत्तमराव, निवृत्त मुख्याध्यापक. सदस्यत्वाचा नियम त्यांनी स्वतः दारावर चिकटवला होता : घोरणाऱ्यास प्रवेश नाही.

"बाई, तुम्ही घोरता का?" त्यांनी विचारलं.

"मले काय मालूम? मी तं तवा झोपलेली असतो!"

या उत्तरात खोड काढायला जागा नव्हती, म्हणून ते उत्तमरावांना जास्तच झोंबलं. त्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा ठरवली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर भागीरथाबाई हॉलमधल्या आरामखुर्चीत आडव्या झाल्या. समोर दोन खुर्च्यांवर परीक्षक : उत्तमराव आणि चिटणीस केशवराव. दोघंही टक लावून बघत होते. अशानं कुणाला झोप लागते? बाईंनी एक डोळा उघडला.

"चालू द्या, चालू द्या," केशवराव म्हणाले.

आपण पेशंटला 'डोळे मिटा, लागते आपोआप' म्हणायचो, तेव्हा त्याला आपला किती राग येत असेल, हे बाईंना आत्ता कळलं. त्या निजल्याचं सोंग करून पडून राहिल्या. थोड्या वेळानं शिट्टी ऐकू आली. केशवरावांच्या नाकातून. मग उत्तमरावांचा ट्रॅक्टर सुरू झाला. तेवढ्यात लाईन गेली. कूलर थांबला, पण हॉलमधला आवाज काही कमी झाला नाही.

उत्तमरावांची मान वाकडी झालेली पाहून बाईंना राहवलं नाही. उठून त्यांनी मान सरळ केली, चष्मा काढून हातात घेतला. एवढ्यात वरच्या मजल्यावरच्या खुर्शीदबी दार लोटून आत आल्या.

"भागी, अंदर चक्की लावली का वं? वरपर्यंत आवाज येऊन राहिला!"

परीक्षक दचकून जागे झाले.

"बाई, तुम्ही घोरत होतात!" उत्तमराव गरजले.

"मी तं उभी आहो जी. हा घ्या तुमचा चष्मा."

"मग तो कूलरचा आवाज असेल."

"लाईन कवाची गेली," खुर्शीदबी म्हणाल्या.

केशवराव बंद पंख्याकडे बघत बसले. उत्तमरावांनी चष्मा लावला आणि घसा खाकरला. "म्हणजे तुम्ही झोपलाच नाहीत! मग नापास."

"पन दोघं मास्तर तं पहिल्या नंबरानं पास झाले ना!" असं म्हणून खुर्शीदबी इतक्या हसल्या की जवळच्या खुर्चीत बसून पदरानं डोळे पुसू लागल्या.

संध्याकाळी मंडळाची तातडीची बैठक भरली. नियम पाळावा तर अध्यक्ष आणि चिटणीस दोघंही बाहेर. शेवटी तो कागद काढून दुसरा लावला : घोरणाऱ्यास कोणीही हलवू नये. भागीरथाबाईंना कूलरसमोरची खुर्ची मिळाली, आणि कुणी न विचारता खुर्शीदबीही सदस्य झाल्या.

तिसऱ्या दिवशी ऐन वामकुक्षीच्या वेळी पुण्याहून बाईंचा मुलगा सुगतचा फोन आला. तो खुर्शीदबींनी उचलला.

"आई कुठे आहे?"

"मीटिंगमंदी हाय बेटा," त्या हळूच म्हणाल्या. "सध्या तीच बोलून राहिली."