कॅसिनोच्या बसमधल्या सिस्टर

सिस्टर दर मंगळवारी कॅसिनोच्या बसने नायगऱ्याला यायच्या आणि कॅसिनोत मात्र वॉशरूमपुरत्याच शिरायच्या. नवऱ्याला, म्हणजे आमच्या दादांना, दारापर्यंत सोडायचं, त्यांच्या कोटाच्या खिशात गोळ्यांची डबी आहे ना ते चाचपायचं, स्वतःच्या बुटांच्या नाड्या आवळायच्या आणि चालू लागायचं. टोरांटोजवळच्या आमच्या रिचमंड हिलच्या मराठी सीनिअर मंडळींना याचं फार नवल. "अहो, एवढा प्रवास करून यायचं आणि खेळायचं नाही?" कोणी विचारलंच, तर त्या नागपुरी ठसक्यात म्हणायच्या, "गाव काय एका इमारतीत मावते का बाप्पा?"

टोरांटोच्या एका हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर नर्सची नोकरी केली होती. रिटायर झाल्या तरी 'सिस्टर' सुटलं नाही. दादासुद्धा त्यांना सिस्टरच म्हणत.

मी त्या बसमध्ये आले ती २०१६ च्या हिवाळ्यात. हे जाऊन वर्षही झालं नव्हतं. मुलगा निखिल आणि सून दिवसभर डाऊनटाऊनला ऑफिसात, नात ईरा शाळेत. घरात हीटरचा आवाज तेवढा. "आई, चार माणसांत जा," म्हणून निखिलनेच मला बसमध्ये बसवलं. कॅसिनोतल्या मशीनसमोर पहिल्यांदा बसले आणि मला फार बरं वाटलं. कोणी काही विचारत नाही, कोणी कीव करत नाही, बटण दाबत राहायचं. पुढे मी गुरुवारीही एकटीच जाऊ लागले. घरी सांगायची, देवळात चाललेय.

अशाच एका गुरुवारी ईराच्या शाळेतलं हीटिंग बंद पडलं आणि मुलांना लवकर घरी सोडलं. शाळेने आधी मला फोन केला. मशीनच्या गोंगाटात तो मला ऐकू आला नाही, नंतरचे चारही नाहीत. निखिल मीटिंग सोडून पोचेपर्यंत सात वर्षांची पोर कोट घालून शाळेच्या ऑफिसात बसून होती. मी घरी आल्यावर सांगितलं, गोळी घेऊन झोपले होते. त्यांनी विश्वास ठेवला. उलट सुनेने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मला अजून तो हात आठवतो.

आणि तरीही पुढच्या मंगळवारी मी मशीनसमोर होते.

सिस्टर केव्हा शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. "पुणेवाली, माझा पाय दुखून राहिला. एकटीनं जायची हिंमत नाही होत. अर्धा तास येते का संगं?" नाही कसं म्हणायचं? मी उठले. बाहेर आल्यावर ही बाई अशी तरातरा चालायला लागली की मलाच धाप लागली. मी म्हटलं, "सिस्टर, पाय दुखतोय ना?" त्या म्हणाल्या, "थांबला दुखायचा."

धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी आत वळवून केलेली लहान लहान बेटं आहेत, पुलांनी जोडलेली. तिथे बर्फात उभं करून त्यांनी माझा हातमोजा काढायला लावला आणि तळव्यावर सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या. "हलू नको." थंडीने बोटं बधिर व्हायला आली तेव्हा काळ्या टोपीचा एक चिमुकला पक्षी अंगठ्यावर येऊन बसला, एक बी उचलून गेला. लगेच दुसरा आला. त्यांना वजन म्हणून नव्हतंच. मला एकदम रडू फुटलं आणि ईराचा सगळा प्रकार मी भडाभडा सांगून टाकला.

सिस्टरनी उपदेश केला नाही. माझा मोजा परत हातात चढवत म्हणाल्या, "ऑपरेशन झालं का दुसऱ्या दिवशी पेशंटले उठवून चालवा लागते. शिव्या देते ते. देऊ द्यायच्या." आणि थोड्या वेळाने, "पण घरी सांग. आजच. मी येतो पाहिजे तर."

खरंच आल्या. आमच्या किचनमध्ये चहाचा कप धरून बसून राहिल्या. मी सांगत होते, निखिल खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "आई, मला का नाही सांगितलंस गं?" ईराने विचारलं, "आजी, आर यू इन ट्रबल?" तेव्हा सिस्टर पहिल्यांदा बोलल्या, "होती. आता आमच्या संगं पाखरं पाहाले येणार आहे."

मग दोन वर्षं माझे मंगळवार त्यांचे झाले. फुलपाखरांचं काचघर, उसळत्या पाण्याकाठची लाकडी फळ्यांची वाट, मेच्या सुरुवातीला पीचच्या बागांचा गुलाबी बहर. त्यांच्या मुलीची गाडी मिळाली की त्या मला कालव्यावर न्यायच्या. तिथे अवाढव्य जहाजं एकेक दार बंद करून, पाणी भरून पायरी-पायरीने वर चढवतात. सिस्टर कठड्याला टेकून, डेकवरच्या परक्या खलाशाला मोठ्याने विचारायच्या, "जेवला का रे?" तो बिचारा हात हलवायचा. बाकावर बसून आम्ही पोळी आणि त्यांचा जळजळीत ठेचा खायचो.

मधे एकदा मी घसरले. यांच्या वर्षश्राद्धानंतरच्या आठवड्यात चुपचाप पुन्हा मशीनसमोर जाऊन बसले. सिस्टर चिखलाच्या बुटांनी आल्या, शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि मी उठेपर्यंत बसून राहिल्या. त्या दिवशी मी चिडून म्हटलं, "दादांना बरं नाही उठवत तुम्ही!" त्या म्हणाल्या, "ते तासभर खेळते, मग मले शोधाले निघते. तू कोणाले शोधत नव्हती."

२०१८ च्या शरदात ती दोघं मुलीमागोमाग हॅलिफॅक्सला निघाली. आमच्या मंडळींनी निरोपाचं जेवण ठेवलं. कोणी त्यांच्या आमटीचं कौतुक केलं, कोणी विनोदांचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतक्या दिवसांत सिस्टरनी माझी गोष्ट एकालाही सांगितली नव्हती. मी उठले आणि सगळ्यांसमोर स्वतःच सांगितली. मशीन, देवळाची थाप, शाळेचे पाच फोन. सिस्टर डोळे पुसत पुटपुटल्या, "काय करून राहिली ही बाई!"

सगळे पांगल्यावर मी कोट घालत होते. बसमध्ये कायम पहिल्या सीटवर बसणारे, फारसं न बोलणारे एक गृहस्थ जवळ आले. माझ्याकडे न बघता, झिप लावत म्हणाले, "वहिनी, मंगळवारी तुम्ही चालायला कुठल्या बाजूने निघता?"

मी म्हटलं, "बसमधून उतरलात की तिथेच थांबा भाऊ. आत जाऊ नका. मी आलेच."