लेकीच्या हातचं कणीस

माझी शाळा तिसरीपर्यंत. मास्तरने विनाकारण मारलं म्हणून पाटी त्याच्या टेबलावर ठेवून घरी आलो तो आलोच. बापाने चाबकाने फोडलं, तरी परत गेलो नाही. गावात तेव्हापासून मला हट्टी म्हणतात. म्हणोत. हट्टाने मी कोरडवाहू जमिनीत विहीर काढली, हट्टाने दोन्ही पोरं शिकवली. हट्टाने माझं नुकसान असं फारसं झालं नाही. एकदा झालं, ते लिहितो.

माझी लेक धुळ्याला दिलेली आहे. आमचं गाव अमळनेरकडे, बसने दीड-दोन तासांचा रस्ता. जावई कारखान्यात पाळीवर जातो, माणूस सरळ आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली. मूल नाही.

आमच्यात रीत आहे. लेकीला पहिलं मूल होईस्तोवर बापाने तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही. माझ्या बापाने माझ्या बहिणीच्या घरी चार वर्षं पाणी घेतलं नाही. भाचा झाला त्या साली तो बैलगाडी जुंपून गेला, बहिणीने खापरावरचे मांडे केले, आमरस केला, आणि माझा बाप तिथं इतका जेवला की दोन दिवस तिथंच पडून होता. घरी आल्यावर महिनाभर त्या जेवणाचंच सांगायचा. लेक लग्न होऊन गेली तेव्हा मीही मनात तेच धरून बसलो होतो. वर्ष-दोन वर्षांत आपणही असं जेवू.

आजकाल ही रीत कोणी पाळत नाही. आमच्याच भाऊबंदकीतले लोक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी लेकीकडे मटण खाऊन येतात. मी पाळली. माझी बायकोही पाळत होती, आणि तीन वर्षांपूर्वी ती लेकीच्या घरचा घोटभर चहा न घेता गेली. मी धुळ्याला जातो तेव्हा सून दशम्या बांधून देते, पाण्याची बाटली मी स्टँडवर भरून घेतो. लेकीच्या ओसरीत बसतो, दशमी-चटणी खातो, माझंच पाणी पितो. लेक समोर बसून बघते. सुरुवातीला रडायची. मग भांडायची. पुढं पुढं काही बोलेनाशी झाली.

यंदा पोळ्यानंतर तिने फोन केला.

"नाना, सापुताऱ्याला बस जाते आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. चला ना."

"डोंगर मी पाहिले आहेत."

"शेतातून पाहिले. वर कधी गेलात?"

"वर काय आहे?"

"तळं आहे. दोरीवरचा पाळणा आहे, त्यात बसून या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचं. यांची पाळी आहे, मी एकटी कशी जाऊ?"

मग जरा थांबून म्हणाली, "आणि जेवण बसवाल्याचं आहे. माझ्या घरचं नाही."

लेक माझीच. वाट बरोबर काढली होती तिने. पण मीही तिचा बाप.

"बसवाल्याला पैसे कोणी दिले?"

"मी."

"मग घास तुझाच झाला. मी येतो, पण माझं खाणं माझ्याबरोबर."

"या तर खरं," ती म्हणाली.

मी आदल्या संध्याकाळीच धुळ्याला येऊन राहिलो. सकाळी अंधारातच बस सुटली. चाळीस-एक माणसं, बायका जास्त. बसबरोबर माहिती सांगणारा एक माणूस होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला, गळ्यात शिट्टी आणि हातात माईक. मूळचा पिंपळनेरचा, बोलायला पक्का. साक्री येईस्तोवर त्याने सगळ्यांना हसवून सोडलं. पुढं गुजरात लागेल म्हणून म्हणाला, "तिकडं दारूबंदी आहे. कोणाच्या पिशवीत बाटली असेल तर आत्ताच रिकामी करा. पोटात नाही मालक, रस्त्यावर!"

पिंपळनेरला गाडी थांबली. सगळ्यांना पोहे आणि चहा. मी बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. लेक प्लेट घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, आणि तशीच परत आत गेली. तो माईकवाला बघत होता.

"आबा, पोहे का नाही? डॉक्टरने बंद केले का आबीने?"

लोक हसले. मला ते हसणं लागलं. माझ्या मागे कोणी हसलेलं मी आयुष्यात सहन केलेलं नाही. गाडी सुरू झाल्यावर तो पुन्हा माझ्यापाशी आला. "आज आबांची मुलाखत! आबा काही खात नाहीत, पीत नाहीत. गुपित काय, ते आबाच सांगतील." आणि माईक माझ्या हातात दिला.

माईक मी याआधी एकदाच धरला होता, सोसायटीच्या निवडणुकीत. उभा राहिलो, वरचा दांडा धरला आणि म्हणालो, "ही बाजूला बसली आहे ती माझी लेक. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्याकडचा पाण्याचा थेंब घेत नाही. अकरा वर्षं झाली. मी एक थेंब घेतलेला नाही. आज शब्द पाळणारी माणसं राहिली नाहीत म्हणतात. दाखवा असा दुसरा बाप!"

तीन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. माझी छाती फुगली. मग टाळ्या थांबल्या आणि गाडीत नुसता इंजिनचा आवाज राहिला. माईकवाल्याने माईक हळूच काढून घेतला आणि काही विनोद केला नाही. मी खाली बसलो. लेक खिडकीबाहेर बघत होती. तिचा कान मला दिसत होता, तो लाल झाला होता.

मागच्या बाईने पुढं वाकून तिला विचारलं, "अकरा वर्षं? दाखवलं का कुठं?"

"हो."

"दोघांनाही दाखवलं का?"

"हो."

"नाशिकला एक बाई औषध देतात, आमच्या नणंदेला गुण आला."

"बरं."

पलीकडची दुसरी म्हणाली, "मुक्ताईला नवस बोल." तिसरीने कोणाचा तरी फोन नंबर लिहून दिला. लेकीने तो चिठोरा घडी करून पर्समध्ये ठेवला. तिची पर्स मी पाहिली, आत तशा बऱ्याच घड्या होत्या. सटाणा गेलं, कळवण गेलं, घाट लागला. बायका सांगत होत्या आणि ती हो-बरं करत होती. मला तोवर कळलं नव्हतं असं म्हणणार नाही. कळलं होतं. पण बोललेलं मागे घ्यायची मला सवय नाही.

सापुताऱ्याला ढग खाली उतरले होते. तळ्यात नावा होत्या, घोडे होते, टोप्या विकणारे होते. माईकवाल्याने शिट्टी मारून सगळ्यांना पाळण्याकडे नेलं. लेक म्हणाली, "नाना, पाळणा काही खायची वस्तू नाही. बसा."

बसलो. काचेची खोली दोरीला टांगलेली, आत आम्ही दोघंच. खाली दरी, हिरवी गच्च. मध्यावर आल्यावर ढगात शिरली आणि काही दिसेना. तेव्हा ती बोलली. माझ्याकडे न बघता, गाडी किती वाजता सुटणार ते सांगावं तशा आवाजात.

"नाना, गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता बस करा. आम्ही बस केलं."

त्या काचेच्या खोलीत मला सकाळचा माझाच आवाज ऐकू येऊ लागला. दाखवा असा दुसरा बाप.

वर उतरलो. कठड्यापाशी एक आदिवासी बाई निखाऱ्यावर कणसं भाजत बसली होती. लेकीने स्वतःपुरतं एक घेतलं, तिखट-मीठ, लिंबू लावून. मला विचारलं नाही. विचारायचं तिने कधीच सोडलं होतं. तिने दोन ओळी खाल्ल्या असतील. मी हात पुढं केला.

"आण इकडं."

ती बघतच राहिली. मी कणीस तिच्या हातातून घेतलं आणि खाल्लं. अकरा वर्षांचं पाळलेलं मी त्या दाण्यांबरोबर चावून टाकलं. माझ्या बापालाही जे जमलं नसतं ते मी करतो आहे, असं मला वाटत होतं. आता हिच्या जिवाला बरं वाटेल, आता ही हसेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होतो.

तिचं तोंड पांढरं पडलं. लहानपणी बोलायची तसं आमच्या बोलीत म्हणाली, "नाना, आते तुम्ही बी आशा सोडी का?"

मी चावायचा थांबलो.

"सासूबाईंनी विचारणं सोडलं," ती म्हणाली. "यांनी फायली माळ्यावर टाकल्या. मीही सोडलं. तुम्ही दशम्या घेऊन यायचे, मला राग यायचा तुमचा. पण तुम्ही गेल्यावर वाटायचं, एक माणूस अजून जेवायचा थांबलेला आहे. म्हणजे त्याला वाटतं, होईल."

"मला भूक लागली होती गं," मी म्हणालो.

"पिशवीत दशम्या आहेत तुमच्या."

तोंडातलं गिळवत नव्हतं, थुंकवतही नव्हतं. शेवटी गिळलं. राहिलेलं कणीस मी तिच्यापुढं धरलं, तिने मान हलवली. मग ते मीच संपवलं, एक दाणा ठेवला नाही. टाकणार कुठं?

खाली आलो तो जेवणाची वेळ झाली होती. एकदा मोडलं ते मोडलं, मी तिच्याशेजारी टेबलावर बसलो. ताटात पुऱ्या, बटाट्याची भाजी, वरण-भात आणि गुजराती पद्धतीची गोड कढी. तिने माझ्या ताटात भाजी वाढली. मी घास घेतला, आणि नेमकं नाशिकचं औषध सांगणाऱ्या त्या मागच्या सीटवालीने पाहिलं.

"अगं बाई! आबा जेवायला लागले!"

आजूबाजूची माणसं वळली. माईकवाला पापड खात होता, तो उठलाच. माईक गाडीत राहिला होता, म्हणून शिट्टी वाजवली.

"सकाळी आबांनी काय सांगितलं होतं मंडळी? मूल होईपर्यंत थेंब घेणार नाही! आणि आता बघा! म्हणजे काय समजायचं? म्हणजे डोंगरावर जाऊन ताईंनी आबांच्या कानात काहीतरी सांगितलं!"

सगळे टाळ्या वाजवू लागले. सकाळी तिघा-चौघांनी वाजवल्या होत्या, आता सगळ्यांनी वाजवल्या. नाशिकवाली बाई येऊन लेकीच्या गळ्यात पडली, "अगं मग सकाळी बोलली का नाहीस? लाजली का?" कोणी पेढे मागितले. कोणी माझा हात हातात घेऊन म्हणालं, "आबा, तुमचं तप फळाला आलं."

मी उठून सांगायला हवं होतं. सकाळी खरं सांगायला माझा आवाज कसा खणखणीत निघाला होता! मी लेकीकडे बघितलं. ती नाही म्हणेल म्हणून वाट बघितली. तिने ताटाकडे बघत मान खाली घातली आणि पदर नीट केला. नाही म्हणाली नाही.

हो पण म्हणाली नाही, हे मला सांगितलं पाहिजे. खोटं ती बोलली नाही.

परतीच्या रस्त्याला बायकांनी तिला पुढची सीट दिली, तिथं धक्के कमी लागतात म्हणून. मला मागे धाडलं. एकीने पाठीला उशी दिली. एकीने लिंबाचं लोणचं दिलं, मळमळलं तर चाटायला. माईकवाल्याने ड्रायव्हरला सांगितलं, "खड्डे बघून, शेठ. आज गाडीत एक सवारी जास्त आहे." मागून मला तिची फक्त वेणी आणि खांदा दिसत होता. बायका विचारत होत्या, ती हळू आवाजात काही सांगत होती. काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही. एकदा ती हसली. तिचं तसं हसणं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं, तिच्या लग्नाआधीचं होतं ते. माझ्या मांडीवर दशम्यांची पिशवी होती. कळवणपासून धुळ्यापर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

धुळ्यात शिरलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. लेकीच्या घराजवळचा चौक आला, गाडी थांबली. नाशिकवाली दारापर्यंत आली आणि म्हणाली, "हळू उतर हं. पायरी उंच आहे."

लेक हळू उतरली. एका हाताने दांडा धरून, आधी एक पाय, मग दुसरा, दुसरा हात पोटापाशी धरून. मी मागे दोन्ही पिशव्या घेऊन उभा होतो, घाई केली नाही. खिडक्यांतून बायकांनी हात हलवले, तिनेही हलवला. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईस्तोवर ती तशीच उभी राहिली.

मग तिने हात पोटावरून काढला, माझ्याकडची जड पिशवी घेतली आणि रोजच्यासारखी भराभर चालू लागली. मला तिला गाठता येईना. मी हाकही मारली नाही.