खुंट्या पाडणारा मेंढका

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या वर्षी आषाढ कोरडा गेला. विट्याच्या पूर्वेकडच्या गायरानात वारा किती माती नेतो, हे मोजायला मला सरकारी खात्याने पाठवले होते. माती किती खाली गेली ते कळावे म्हणून मी रांगेने खुंट्या ठोकायचो आणि एक म्हातारा मेंढका रोज त्यांच्यावरच मेंढरे घालायचा. निम्म्या खुंट्या आडव्या व्हायच्या. मी ओरडलो की तो घोंगडे सावरत म्हणायचा, "आवं सायब, मेंढरास्नी काय कळतंय?"

एके दिवशी माझा पारा चढला. "तुझ्या मेंढरांनी गवत खाल्लं, म्हणूनच माती उडतेय!"

एका मेंढीचा जबडा धरून त्याने तिच्या ओठात रुतलेले कुसळ नखांनी उपटले आणि माझ्या तळहातावर ठेवले. मग शेजारच्या नांगरलेल्या रानाकडे बोट केले. तिथून तांबडी धूळ उठत होती.

"तितं पवन्या गवत व्हतं, गुडघ्याएवढं, मेंढरं गोडीनं खायची. नांगर घातला, गवत गेलं, आता माती चाललीय. आमाला ह्यो कुसळाचा माळ ऱ्हायला. तितं ठोका की खुंट्या!"

मी चिडून म्हणालो, "मला हुकूम फक्त गायरानाचा आहे."

"मग ठोका हितंच," म्हणून तो मेंढरांमागे निघून गेला. पुन्हा तो आला नाही.

महिन्याने अहवाल लिहायला बसलो. 'कारण' या रकान्यापाशी बराच वेळ टाक थांबला. कचेरीतल्या माझ्या साहेबांनी दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा मी तिथे 'मेंढरांची चराई' असे लिहिले आणि खाली सही केली.