शनिवारी तेल मिळणार नाही

छोटा धंदा टिकला तर गाव टिकतं आणि गाव टिकलं तर देश टिकतो, असं रोह्यात एका सभेत ठरलं. ठरवायला आम्ही अकरा जण होतो. सभा संपल्यावर चहाबरोबर जी बिस्किटं आली ती मुंबईच्या मोठ्या कारखान्याची होती, कारण गावातल्या बेकरीची बटरं अध्यक्षांच्या दातांना झेपत नसत.

नव्वदीच्या दशकाची ती मधली वर्षं. कोकणात रेल्वे पुढे सरकत होती, टीव्हीवर रिफाइंड तेलाच्या पिशव्या नाचत होत्या आणि आता सगळं बाहेरून येणार, गावात काही उरणार नाही, अशी एक भीती पसरली होती. भीती खरी होती. तिच्यावर समिती नेमली गेली. कंपनीतून निवृत्त झालेले एक साहेब अध्यक्ष झाले. मी पेणला शाळेत मास्तर होतो, रोह्याहून रोज एस.टी.ने जात असे. अक्षर बरं म्हणून मला सचिव केलं. या देशातले बरेच सचिव याच पात्रतेवर झाले असावेत.

समितीला पहिलं काम शोधावं लागलं नाही. आमच्या आळीच्या टोकाला एक तेलाचा घाणा होता. बैल जाऊन मोटर आली होती, बाकी सगळं जुनंच. तो चालवणारे काका कोकणातल्या यहुदी घरातले. त्यांच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळलं आणि शनिवारी कामाला हात लावला नाही, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांचे भाऊबंद एकेक करून इस्राएलला गेले होते. लेकही तिकडेच होती. इथे काका, काकी आणि घाणा.

मी बाटली घेऊन गेलो की काका बोलत.

“मास्तर, पोरगी बोलावते. घाणा चालला तर र्‍हातो. नुसतं बसायचं असंल तर तिकडं पण बसता येतं.”

“किती दिवस बघणार?”

“दिवाळी. दिवाळीला तीळ भरायचा का नाय, ते तवा ठरंल.”

हे मी सभेत सांगितलं. सगळे हळहळले. अध्यक्ष म्हणाले, “हाच आपला पहिला उद्योजक.” काकांना उद्योजक म्हटलेलं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं, काकांनीही नसावं. मग ठरलं की आठवड्यातून एक दिवस ‘स्थानिक तेल खरेदी दिन’ पाळायचा. त्या दिवशी प्रत्येक घराने घाण्यावरचं तेल घ्यायचं. उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे अलिबागहून यायचे होते आणि ते फक्त शनिवारी मोकळे होते. म्हणून वार ठरला शनिवार.

आता मी जे सांगतो ते रोह्यातल्या लहान मुलालाही माहीत होतं. एक म्हणजे काका शनिवारी घाणा उघडत नसत. दुसरं म्हणजे आमच्याकडे शनिवारी तेल विकत घेत नाहीत. शनिवारी मारुतीला तेल वाहायचं, पण ते घरात आणायचं आदल्या दिवशी. त्यामुळे शुक्रवारी दुपारपासून काकांच्या दारात बाटल्यांची रांग लागे. मारुतीचं तेल, घरचं तेल, दिव्याचं तेल. दिवेलागणीच्या आत, म्हणजे त्यांचा शनिवार लागायच्या आत, काका मोटर बंद करत, दाराच्या चौकटीला हात लावून तो ओठांना लावत आणि आत जात. त्यांचा शब्बाथ आणि आमचा मारुती कधी एकमेकांच्या आड आले नाहीत. कोणी सभा घेऊन हे बसवलेलं नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. दर शुक्रवारी मी त्याच रांगेत उभा असे. तरी इतिवृत्तात ‘शनिवार’ मी लिहिला, स्वच्छ अक्षरात, आणि लिहिताना मला काही खटकलं नाही. बैठकीत माणूस वेगळ्याच गावात राहतो.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा दार बंद. बाहेर फलक लागलेला, फीत बांधलेली, खुर्च्या मांडलेल्या. अध्यक्षांनी कडी वाजवली. काका स्वच्छ सदरा घालून बाहेर आले.

“आज शब्बाथ हाय, साहेब.”

“अहो, आम्ही तुमच्यासाठीच आलोय. एकच शनिवार उघडा. पाहुणे फीत कापतील, दोन शब्द बोलतील, लगेच बंद करा.”

“फीत कापा की. त्याला दार कशाला उघडायला लागतंय?”

खरोखरच लागत नव्हतं. पाहुण्यांनी बंद दारासमोर फीत कापली आणि पंचवीस मिनिटं स्वावलंबनावर बोलले. रस्त्याने मासळीच्या पाट्या घेऊन दोन बाया चालल्या होत्या, त्या थांबल्या.

“कसला गो कार्यक्रम?”

“तेल घ्या म्हनतान.”

“शनवारी? शनी मागं लागंल ना गो!”

“लागलाच हाय. बघ ना, एवढी मानसं ऊन खात बसल्यान.”

तेल कोणी घेतलं नाही. घ्यायला नव्हतंच. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी इतिवृत्त सांगितलं : ‘स्थानिक उद्योजकाकडून अपेक्षित सहकार्य लाभले नाही.’ मी ते लिहिलं. वार बदलून शुक्रवार करावा, असं मी सुचवून पाहिलं. शुक्रवारी तर लोक घेतातच, मग आपण काय केलं, असं एकाने विचारलं. प्रश्न बरोबर होता. मग मी, ‘आपल्यापैकी किती जणांच्या घरी घाण्याचं तेल जातं?’ असं विचारलं. हा प्रश्नही बरोबर होता, पण त्यावर चहा आला. माझ्या घरीसुद्धा पाहुण्यांसाठी पिशवीतलं तेल होतं, त्यामुळे मी चहा घेतला.

दिवाळी दोन महिन्यांवर आली होती. शुक्रवारची रांग होती, पण एका वाराच्या रांगेवर आठवडा चालत नाही. बाकीचे दिवस काका घाण्यावर बसून रस्ता बघत. काकींनी कोणतं भांडं कोणाला द्यायचं हे बोलायला सुरुवात केली होती. माझ्या बायकोला त्यांनी पितळी पातेलं देऊ केलं. तिने ते घेतलं नाही आणि घरी येऊन मला म्हणाली, “अहो, तुमच्या समितीला सांगा, आता पुरे.”

तिची थोरली बहीण पेणला. चार शेजारणींबरोबर ती पोह्याचे पापड करायची, आज हिच्या घरी तर उद्या तिच्या, असं पाळीपाळीने. पापडाचं पीठ कुटायला आणि लाटायला तेल लागतं आणि त्या ते पेणच्या बाजारातून आणत. बायकोने माझ्या पिशवीत काकांच्या तिळाच्या तेलाची एक बाटली घातली. “ताईला द्या. काही बोलू नका.” मी दिली आणि काही बोललो नाही. समितीत असं काम मला कोणी दिलं नव्हतं.

आठ दिवसांनी ताईने शाळेच्या फाटकाशी गाठलं. “भावोजी, ते तेल आनखी हाय?”

“किती?”

“डबाच आना. पीठ हाताला कसं गुमान र्‍हातंय.”

तेलाने पापडात काय फरक पडतो हे मला आजही कळलेलं नाही. त्या पाचही जणींना कळत होतं आणि पापड त्या लाटत होत्या. दर सोमवारी मी एस.टी.त पायांशी डबा घेऊन बसू लागलो. कंडक्टर वैतागला. “मास्तर, सांडलं तर गाडी कोन पुसनार?” दोन आठवडे त्याने लगेजचं तिकीट फाडलं. तिसऱ्या आठवड्यात पण फाडलं, आणि सोबत आपली रिकामी बाटली दिली. निडीच्या फाट्यावर चढणारी एक बाई डब्याचा वास घेऊन म्हणाली, “तीळ हाय व्हय? आमच्याकडं पण पायजे.” तिला मी घाण्याचा पत्ता सांगितला. मला आणखी ओझं नको होतं.

दिवाळीच्या आधी काकांकडे तिळाची पोती उतरली. मी मोजली नाहीत, पण भिंतीला लागून दोन थर होते. काकी म्हणाल्या, “पातेलं नाय देत आता.” बायको म्हणाली, “नकोच होतं.”

समिती त्यानंतर एकदा बसली, सत्काराचा ठराव केला आणि कोणाचा सत्कार यावर मतभेद होऊन उठली.

घाणा पुढे चार वर्षं चालला. मग बंद झाला. रेल्वेमुळे नाही, रिफाइंड तेलामुळे नाही, गावाने साथ सोडली म्हणूनही नाही. शेवटच्या महिन्यात पेणला आठवड्याला दोन डबे जात होते. लेकीला जुळं झालं होतं आणि तिकडे मुलं सांभाळायला बाई मिळत नव्हती.