मालकाच्या रकान्यात

डिचोली बाजारात लोकांची अ‍ॅप मोबाइलच्या स्टोअरवर चढवून देणारा एक जण बसतो. गिऱ्हाईक पासवर्ड घालू लागले की तो भिंतीकडे तोंड करतो. मी पुटपुटत टाइप करतो, म्हणून माझ्यासाठी कानांवर हातही ठेवतो.

घरच्या लोणच्यांच्या अ‍ॅपचे खाते काढायला मी माझे आधार कार्ड पुढे केले.

“लोणची कोण घालता?”

“बायको.”

“आनी तुमी?”

“मी बरण्या पोचवतो.”

“मग खाते वहिनीच्या नावान. उद्या तिका काय बदलूचा झाला तर तुमची परवानगी मागत बसतली?”

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेलो. एकुलती खुर्ची तिला देऊन तो मला म्हणाला, “भाऊ, जरा भायर रावा. मालकिणीशी बोलूचा आसा.”

आत तिने आपले पूर्ण नाव ठणठणीत आवाजात सांगितले. मधले नाव माझे होते. तेवढ्यावर मी समाधान मानले.